सुरीची जागा

सकाळी पाव कापायचा म्हणून बायकोने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपून सुरी बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि कापायला बसली. यात नवल काहीच नव्हतं. या घरात सुरीची जागा पिठातच होती. कात्री गादीखाली असायची आणि दाढीचं पातं आईच्या कपाटात, कपड्यांच्या घडीत. थोरल्याला दाढी करायची तर रोज आईपुढे हात पसरावा लागायचा, आणि दाढी झाली की पातं मुकाट्याने परत. नवा पाहुणा हे पाहून हसायचा. मग कुणीतरी त्याच्या कानाशी लागायचं, धाकट्याचं डोकं जरा ठिकाणावर नसतं म्हणून सांगायचं, आणि पाहुण्याचं हसू जागच्या जागी विरायचं. इतकी वर्षं हे चाललं होतं की दुसऱ्यांच्या घरी ओट्यावर उघडी पडलेली सुरी दिसली की थोरल्याला त्या लोकांच्याच अकलेची कीव यायची. पण आज चहाचा कप ओठाला लावता लावता तो थांबला. धाकटा घरात होता कुठे? तो तर गेला महिनाभर शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात, कुलपाआड होता. मग काल रात्री ही सुरी पिठात खुपसली कुणी, आणि कुणाच्या भीतीने?

“सुरी अजून पिठातच?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. बायकोने आईकडे पाहिलं. आईने पावाकडे पाहिलं. “सवय झालीये रे हाताला,” आई म्हणाली, “जाते काय लगेच?” उत्तर चांगलं होतं; फक्त जरा लवकर आलं होतं. जणू केव्हापासून तयार करून ठेवलं होतं आणि त्याच्या विचारण्याचीच वाट बघत होतं. थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. ही नजरानजर हल्ली फार वाढली होती. तो खोलीत शिरला की बोलणं तुटायचं, मग दोघींपैकी एक उगाचच दुधाचा विषय काढायची. बायकोने तर आईचे गुडघे दुखतात, रात्री उठवत नाही, असं कारण काढून अंथरूणच आईच्या खोलीत नेलं होतं. गुडघे आईचे काही आजच दुखायला लागले नव्हते. धाकटा घरात होता तेव्हाही दुखायचेच, पण तेव्हा कुणी अंथरूण हलवलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. आज इस्पितळात सुनावणी होती, धाकट्याला आणखी ठेवायचं की सोडायचं याची, आणि या दोघींनी त्याला घरी आणायचा घाट घातला असावा, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली. नाहीतर सासू-सुनेचं इतकं गूळपीठ कुणाच्या घरात असतं?

तो हात धुवायला उठला. नखांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. कारखान्याची भुकटी, दुसरं काय. ती कुठेही चिकटते, कानातसुद्धा सापडते. त्याने साबण लावला, नखांनी नखं कोरली आणि ओला हात पँटला पुसला. निघताना बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, “अहो, तिथे जरा बघून बोला.” बघून म्हणजे काय? तो जिना उतरेपर्यंत तेवढे चार शब्द उलटेपालटे करत राहिला. बघूनच तर बोलत आला होता आजवर. बघणं हाच त्याचा धंदा होता.

काचेच्या कारखान्यात तो बाटल्या तपासायचा. समोर उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर एकामागून एक बाटल्या सरकत जायच्या, आणि त्याने फक्त बघायचं: काचेत बुडबुडा, तळाशी तडा, गळ्याला केसाएवढी रेघ. दिसलं की बाटली उचलायची आणि बाजूच्या हौदात टाकायची. तिथे ती फुटायची आणि पुन्हा भट्टीत जायची. शंका आली तरी टाकायची. चांगली बाटली फुटली तर कुणाचं काही जात नाही, वाईट बाटली बाहेर गेली तर कुणाच्या तरी घशात काच जाते, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्याला ते पटलंही होतं. पण एका जागी फार वेळ बसू देत नसत. फार वेळ पाहिलं की डोळा चळतो, असं तिथले लोक म्हणायचे; मग चांगल्या बाटल्यांतही ठिपके दिसायला लागतात आणि माणूस सपासप टाकत सुटतो. यावर एक साधी परीक्षा होती. बाटली उचलून हातात फिरवायची. ठिपका बाटलीबरोबर फिरला तर तो बाटलीतला. बाटली फिरली आणि ठिपका जागेवरच राहिला, तर तो बघणाऱ्याच्या डोळ्यातला. तेव्हा मुकाट्याने उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि दुसऱ्याला बसू द्यायचं. थोरल्याला मात्र उठायचा फार राग यायचा. मुकादमाने खांद्यावर हात ठेवला की त्याला वाटायचं, हा मला इथून घालवायलाच टपलेला आहे.

बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून राहिली. पिशवीत धाकट्यासाठी धुतलेले कपडे होते. डॉक्टरांनी थोरल्याला मागेच समजावून सांगितलं होतं, की माणूस नुसता आजारी आहे म्हणून त्याला कुलपात ठेवता येत नाही. त्याच्यापासून लोकांना धोका आहे असं दिसलं पाहिजे. न्हाव्याचं म्हणणं नोंदलेलं आहे, पण तो परका माणूस. “घरच्या माणसाचा शब्द वेगळा,” डॉक्टर म्हणाले होते. “तुम्ही म्हणालात धोका वाटतो, तर राहील. तुम्ही म्हणालात आम्ही सांभाळतो, तर बहुतेक सोडतील.” म्हणजे सगळं घोडं येऊन अडलं होतं ते त्याच्यापाशी. न्हाव्याचं प्रकरण असं की धाकटा भर दुपारी त्याच्या दुकानात शिरला, गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा फिरत असताना त्याने न्हाव्याचं मनगट पकडलं आणि काही केल्या सोडेना. त्या झटापटीत गिऱ्हाइकाची मान कापली. जखम खोल नव्हती, पण रक्त रक्तच. त्याआधी एकदा फळवाल्याचं मनगट धरलं होतं, एकदा चपला शिवणाऱ्याचं. कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं धरायचं आणि “टाक, टाक ते, जागा हो” म्हणायचं. दिवसभर बागेतल्या बाकावर झोपायचा. रात्री घरी यायचा आणि थोरल्याच्या खोलीच्या दाराशी, बाहेरच्या अंगाला, भिंतीला टेकून बसून राहायचा. पहाटे थोरला उठला की समोर धाकट्याचे लाल डोळे. असल्या डोळ्यांनी रात्रभर आपल्या दाराकडे कुणी बघत बसलंय, हे माहीत असताना माणसाला झोप लागते हेच नवल. पण थोरल्याला झोप मात्र गाढ लागायची, लहानपणापासूनच.

लहानपणी लपंडावात राज्य नेहमी धाकट्यावरच असायचं. त्याच्यावर येत नसे, तो घ्यायचा. भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून उभा राहायचा आणि मध्येच ओरडायचा, “येऊ का?” लपणाऱ्याने “ये” म्हटलं की मगच निघायचा. एकदा थोरला आईच्या पलंगाखाली लपला आणि मुद्दामच “ये” म्हणाला नाही. धाकटा संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. आईने शेवटी त्याला उचलून नेलं तेव्हा त्याच्या गालांवर बोटांचे वळ उठले होते. थोरल्याला ते आठवून आताही थोडं हसू आलं, आणि लगेच आलं तसं गेलं, कारण त्याच्यामागोमाग दुसरी दुपार आली. ती तो सहसा येऊ देत नसे. थोरल्याला तेव्हा ताप होता. खोलीतल्या अंथरुणावर तो झोपला होता एवढं नक्की. मग एकदम स्वयंपाकघर. पायाखाली गार फरशी. धाकट्याचा चेहरा अगदी जवळ, आणि धाकट्याच्या दोन्ही हातांत त्याचं मनगट. खाली सुरी. फरशीवर रक्ताचे थेंब, आणि ते धाकट्याचे. मग वडील आले, त्यांचा आवाज आला, आणि धाकट्याच्या पाठीत धपाधप गुद्दे. या पोराने सुरी उचलली, या पोराचं लक्षण ठीक नाही, हे वडील इतक्या वेळा म्हणाले की थोरल्याला ते ऐकलेलं न वाटता बघितलेलं वाटायला लागलं. आई दारात मिठाची गुळणी धरून उभी होती. त्या दिवसापासून सुरी पिठात गेली. वडील नंतर वारले, पण सुरी वर आली नाही. बस वळणावर कलली आणि आईचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. ताप आलेला पोरगा अंथरुणातून स्वयंपाकघरात कसा पोचला, हे त्याने कधीच कुणाला विचारलं नव्हतं. आता आई शेजारी होती. विचारता आलं असतं. त्याऐवजी त्याने विचारलं, “सुनावणीत तू काय सांगणार आहेस?”

“मला विचारलं तर ना,” आई म्हणाली आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

सुनावणीची खोली म्हणजे इस्पितळातलीच एक खोली होती. लांब टेबल, त्याच्यावर पाण्याचा जग, उंचावर लोखंडी गज असलेली खिडकी. निकाल देणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती; त्या मधून मधून नाक पुसायच्या आणि स्वतःवरच वैतागायच्या. थोरल्याला त्यांचाही संशय आला, की यांनी आधीच ठरवलेलं आहे आणि आता नुसती वेळ भरून काढतायत. कोणत्या बाजूने ठरवलंय तेवढं कळत नव्हतं. मग दोघा शिपायांनी धाकट्याला आणलं, आणि थोरला चमकला. धाकट्याचे डोळे पांढरेशुभ्र होते. गाल भरले होते. चेहऱ्यावर दुपारी भरपेट झोपून उठलेल्या माणसाची सूज होती. आईच्या तोंडून “बाळा” एवढंच निघालं.

“पहिले काही दिवस रात्रभर येरझाऱ्या घालायचे,” डॉक्टर सांगू लागले. “दारं तपासायचे. पहारा आहे म्हणायचे. आता गोळीने झोप लागते. पण समजूत गेलेली नाही.”

“कसली समजूत?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी धाकट्याकडे हात केला, तूच सांग म्हणून. धाकटा शहाण्या मुलासारखा उभा राहिला. “इथे मला झोप लागते,” तो म्हणाला. “चांगली लागते. गोळी देतात. पण मग तिकडे कोण जागं राहतं?” आणि मग आईकडे वळून, काळजीने, “तू राहतेस का गं? तुझ्याच्याने नाही होणार. वहिनी आलीय का तुझ्या खोलीत?”

आईने मान हलवली. हो म्हणून हलवली. थोरल्याने ते बघितलं. डॉक्टर बाईंकडे बघत होते. बघा, ऐकलंत ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. महिनाभर कुलपाआड असलेल्या माणसाला बायकोचं अंथरूण हललेलं कसं कळलं? कुणी कळवलं? की त्यानेच जाताना सांगून ठेवलं होतं, मी नसलो तर असं असं करा म्हणून? तिघं मिळून होती तर. आजचं नव्हे, केव्हापासूनचं. त्याच्या पाठीमागे, त्याच्याबद्दल.

“तुमच्या घरी सुऱ्या लपवून ठेवतात, असं दिसतंय,” बाई आता त्याच्याशी बोलत होत्या. “खरं आहे?”

“हो.”

“कुणामुळे?”

“ह्याच्यामुळे,” थोरला म्हणाला. आवाज स्पष्ट आला. कारखान्यात बाटली उचलताना हात कसा आपोआप जातो, तसा. “आम्हाला धोका वाटतो. मला वाटतो.”

बाईंनी आईकडे पाहिलं. आईने एकदा धाकट्याकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे, आणि पिशवी छातीशी धरली. “सुऱ्या मी लपवते,” ती म्हणाली. “मला दोन मुलं आहेत, बाई.” बाईंना यातून काही कळलं नाही, किंवा जे कळायचं ते त्यांना सोयीचं कळलं. त्यांनी नाक पुसलं. आईचं कुणीही पुढे ऐकून घेतलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. तिचे ओठ मात्र हलत होते. थोरल्याला ते दिसत होतं आणि तिने काही बोलू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात धाकटा टेबलावरून पुढे वाकला आणि त्याने थोरल्याचं मनगट पकडलं. जग कलंडला. शिपाई धावले. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. “दादा, नखं बघू,” धाकटा म्हणत होता, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं. “नखं दाखव तुझी.” एका शिपायाने त्याच्या गळ्याभोवती हात टाकला होता, दुसरा त्याची बोटं एकेक करून सोडवत होता, आणि सोडवताना धाकट्याचा तळहात उताणा झाला. तळहाताच्या मधोमध आडवा, जुना, पांढरा पडलेला व्रण होता. थोरल्याने तो असंख्य वेळा बघितला होता. सुरी मुठीकडून धरली तर तळहात असा कापत नाही. पात्याकडून पकडावी लागते. दुसऱ्या कुणाच्या हातात असली की मगच. धाकट्याने मात्र तेवढ्यात जे बघायचं ते बघून घेतलं होतं. थोरल्याच्या करंगळीच्या नखात, कडेला, सकाळच्या साबणातून वाचलेलं थोडं पीठ राहिलं होतं.

“आई,” शिपायांनी त्याला दाराकडे ओढत नेलं तेव्हा तो ओरडला, “आई, पिठातून काढ! त्याला पीठ सापडलंय! जागा बदल!”

दार लागलं. बाईंनी ओला झालेला कागद उचलून झटकला. “आमच्यासमोर हे,” त्या म्हणाल्या, “तर रस्त्यात काय.” मग त्यांनी डॉक्टरांशी दोन शब्द बोलून सांगून टाकलं, की त्याला सध्या सोडता येणार नाही, इथेच राहील, आणि पुढे केव्हातरी पुन्हा बघता येईल. घरच्यांनी घाबरू नये. मग त्यांनी थोरल्याला विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता, “तुम्हाला लागलं तर नाही ना? आणखी काही सांगायचंय?”

थोरल्याने टेबलाखाली दोन्ही मुठी मिटून धरल्या होत्या. सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण खोलीतली सगळी माणसं इतक्या कौतुकाने, इतक्या दयेने त्याच्याकडे बघत होती, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये धाकट्याचा आवाज लांब लांब जात होता. तो आवाज ज्या दारापलीकडे चालला होता त्या दारापलीकडे जाण्याची थोरल्याला भीती वाटली. अशी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. “नाही,” तो म्हणाला.

कपड्यांची पिशवी तशीच परत आली. बसमध्ये आई डोळे मिटून बसली होती आणि झोपलेली नव्हती. थोरला खिडकीच्या काचेकडे बघत होता. काचेत एक ठिपका होता. बस वळली, घरं मागे गेली, झाडं गेली, ठिपका होता तिथेच. तो धाकट्याला मनातल्या मनात उचलून घराबाहेर ठेवून बघत होता, पुन्हा आत आणून बघत होता. धाकटा हलला, सुरी पिठातच राहिली. धाकटा हलला, तरी बायकोचं अंथरूण आईच्या खोलीत गेलं. उलट धाकटा गेला म्हणूनच गेलं. आता त्याला किती गोष्टी आठवल्या. पहाटे तळव्यांना लागलेली माती. न घातलेली आणि तरी पायात निघालेली चप्पल. बायकोच्या दंडावरचा वळ आणि तिचं ते कपाटाचं दार लागल्याचं कारण. दाराशी बसलेले लाल डोळे. त्या डोळ्यांत राखण होती आणि त्याने त्यात खुन्नस वाचली होती. लहान पोराला आईने कधीतरी सांगितलं असेल, दादा झोपेत उठतो, तू जागा राहा हं, दादाला सांगू नकोस, आणि त्या पोराने ते आयुष्यभर ऐकलं. शेवटी रस्त्यातला प्रत्येक सुरी धरलेला हात त्याला झोपेतला वाटायला लागला. आईचा राग यावा म्हणून थोरल्याने खूप प्रयत्न केला. त्याला सांगितलं असतं तर? पण त्याला सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने सांगणाऱ्यावरच संशय घेतला असता.

घरी बायकोने आईच्या चेहऱ्याकडे आणि भरल्या पिशवीकडे पाहिलं आणि पिशवी आत नेऊन ठेवली. दिवेलागणीला तिघं जेवली. जेवण झाल्यावर बायकोने सुरी धुतली, पुसली आणि आईच्या हातात दिली. आई पिठाच्या डब्यापाशी गेली. आज दोघींनी त्याच्यासमोरच हे केलं. लपवण्याचा तरी कंटाळा यावा इतक्या त्या दमल्या होत्या.

“पिठात नको,” थोरला म्हणाला.

आईचा हात झाकणावरच राहिला.

“दुसरीकडे ठेव. मला ठाऊक नसेल तिथे.”

बायको खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “उद्या जाल ना परत? सांगाल ना त्या बाईंना?” थोरला उठला, समोरच्या भिंतीपाशी गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले. आपण हे का करतोय ते त्याला नीट कळत नव्हतं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. उद्या जायला हवं होतं. उद्या तो जाईल की नाही, याची त्याला मुळीच खात्री नव्हती. आजवर त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता, आता एकटा स्वतः उरला होता. मागे आईची पावलं वाजली. एक झाकण उघडलं, लागलं. दुसरं उघडलं. मग पावलं आतल्या खोलीत गेली, परत आली, थांबली. कुठे ठेवली असेल याचा अंदाज बांधायला मन लागलं, तसे त्याने हात आणखी घट्ट दाबले. बोटं गालांत रुतली.

“येऊ का?” त्याने विचारलं.

आतून कुणी ‘ये’ म्हणालं नाही.